बाहेर पडून दाखवा

सायंटॉलॉजीची गोष्ट सांगितली की आमच्या सुरतच्या गोडादऱ्यातली पोरं खो-खो हसतात. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एल. रॉन हबर्डच्या नावाने १९५४ साली अमेरिकेत धर्म उभा राहतो. त्याच्या 'सी ऑर्ग'मध्ये भरती होणारा एक अब्ज वर्षांच्या सेवेच्या करारावर सही करतो. मनातली अढी मोजायला हातात यंत्राची दोन नळकांडी देतात आणि पायरी चढेल तसे पैसे घेतात. हसा, जरूर हसा. आपल्याकडे सहीसुद्धा लागत नाही. 'सात जन्म तुमच्या चरणी' असं माणूस आपणहून बोलतो आणि वर पावती फाडतो.

माझ्या गल्लीत एक वहिनी आहेत, मूळच्या अमळनेरकडच्या. दिवसभर साड्यांचं धागा कटिंग करतात. नगावर पैसे, बोटांना कात्रीचे घट्टे. हिशेब हातात आला की आधी सत्संगाचा डबा, मग दूधवाला. त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. डबा बंद केला तर काय होतं, ते मी त्यांच्या जावेच्या बाबतीत पाहिलंय. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं, पोराच्या तापाला गुरूचा कोप चिकटला आणि ज्या गुरुबंधूकडून साड्यांचे गठ्ठे यायचे, त्याने दुसरं घर धरलं. सायंटॉलॉजीतही संस्थेने वैरी ठरवलेल्या माणसाशी सख्ख्या आईबापांनी संबंध तोडावेत असा दंडक आहे. हबर्डसाहेबांनी आमच्या गल्लीत शिकवणी लावली होती की काय, कोण जाणे!

याचं टोक सुरतेने पाहिलंय. ऑक्टोबर २०१३ मध्ये आश्रमात राहिलेल्या दोन सख्ख्या बहिणींनी इथल्या पोलिसांकडे आश्रमाचा बुवा आसाराम आणि त्याचा मुलगा नारायण साई यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार दिली. एप्रिल २०१९ मध्ये सुरतच्या सत्र न्यायालयाने मुलाला जन्मठेप दिली, जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने बापाला. बाप तर जोधपूरच्या बलात्काराच्या खटल्यात २०१८ सालीच दोषी ठरला होता. पण निकालाआधीची वर्षं आठवा. आश्रमाचा जुना वैद्य अमृत प्रजापती बाहेर पडून बोलू लागला; २०१४ साली राजकोटमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात तो गेला. स्वयंपाकी अखिल गुप्ता २०१५ साली मुझफ्फरनगरमध्ये मारला गेला, त्याच वर्षी शाहजहानपूरमध्ये साक्षीदार कृपाल सिंह. तिघेही कधीकाळी 'आपले'च होते.

आणि शहाणे लोक काय करत होते? जोधपूरच्या निकालाला वर्षही उलटलं नव्हतं, तोवर गुजरातच्या तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी आसारामच्या संस्थेच्या 'मातृ-पितृ पूजन दिवसा'चं पत्र लिहून कौतुक केलं. मंत्र्यांचंच असं, तर धागा कापणाऱ्या बाईने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

अंधश्रद्धेविरुद्ध कायदे आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर महाराष्ट्राने २०१३ साली केला, गुजरातने २०२४ साली. ते नरबळी पकडतात, अघोरी बुवा पकडतात. ट्रस्ट नोंदवलेला, ऑडिट झालेला, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला बुवा त्यांच्या जाळ्यातून सहज निसटतो. अमेरिकेच्या करखात्याने तर १९९३ साली सायंटॉलॉजीला धर्म म्हणून करमाफीच देऊन टाकली. फ्रान्सने मात्र श्रद्धेच्या वादात न पडता व्यवहार तपासला. तिथल्या न्यायालयाने २००९ साली संस्थेला फसवणुकीबद्दल दंड केला आणि २०१३ साली सर्वोच्च पातळीवर तो कायम राहिला.

देव कोणता, मंत्र कोणता, याच्याशी सरकारला देणंघेणं नसावं. दमडीची पावती आहे का, सेवेच्या नावाने फुकट राबवून घेतात का, सोडून जाणाऱ्याची रोजी आणि नाती शाबूत राहतात का, एवढं बघावं. ज्या पंथातून बाहेर पडलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच धंद्यात ताठ मानेने राहू शकतो, त्याला मी खुशाल धर्म म्हणेन. बाकीचे धंदे आहेत. आणि २०१७ साली जीएसटीविरुद्ध मार्केटं बंद ठेवणाऱ्या सुरतेच्या कापडवाल्यांनाही जिथे सूट मिळाली नाही, तिथे या धंद्याला का मिळावी?