कटच्या रेघेखाली

टोकियो ऑलिम्पिकमधलं गोल्फ म्हटलं की आठवते ती अदिती अशोक, आणि एका फटक्यानं हुकलेलं तिचं पदक. तिच्या आधीच्या आठवड्यात त्याच कासुमिगासेकीच्या मैदानावर पुण्याचा उदयन माने खेळून गेला, हे मराठी घरांतही फारसं कुणाच्या लक्षात नाही. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली, म्हणून राखीव यादीतल्या उदयनची ऐन वेळी वर्णी लागली. पहिल्या दिवशी 76 फटके, दुसऱ्या दिवशी सावरून 69. चार दिवसांचे 287 आणि साठ जणांत 56वा क्रमांक. सुवर्णपदक नेलं अमेरिकेच्या झँडर शॉफलीनं, 266 फटक्यांत.

फरक 21 फटक्यांचा. चार दिवसांवर वाटला तर दिवसाला पाचाहून थोडे अधिक. होलकडे घरंगळत मारलेला एक चेंडू काठावर थबकला, एक झाडीत गेला, एक वाळूतून दोनदा मारावा लागला, की फटके वाढलेच. एवढ्याशा फरकावर एकाचं आयुष्य एका वाटेनं जातं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या. शॉफलीनं पुढे 2024 मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपन अशा दोन मानाच्या स्पर्धा जिंकल्या. पहिल्या स्पर्धेचं बक्षीसच 33 लाख डॉलरच्या वर होतं. भारतातल्या पीजीटीआय या व्यावसायिक टूरच्या एक कोटी रुपयांच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याच्या हाती साधारण 15 लाख पडतात.

पण मला हेवा वाटतो तो शॉफलीच्या पदकाचा किंवा डॉलरचा नाही. एप्रिल 2022 च्या मास्टर्समध्ये त्याचा कट हुकला आणि त्यानंतर सलग पन्नासहून अधिक स्पर्धांत तो एकदाही हुकला नाही. गोल्फमध्ये पोट भरतं ते या आकड्यावर.

कट म्हणजे काय, ते आमच्या भिलाईतल्या कोहक्यात समजावून सांगताना नाकी नऊ येतात. इथल्या निम्म्या घरांचा हिशेब आजही पोलाद प्लांटच्या पगारावर चालतो. खेळाडू झाला तरी अखेर ‘लागला का कुठे?’ हाच प्रश्न. त्यात वावगं काही नाही. प्रशिक्षक राजेश पटेल सरांनी इथल्या पंत स्टेडियमवर बास्केटबॉलच्या ज्या मुली घडवल्या, त्या देशासाठी खेळल्या आणि त्यातल्या बऱ्याच रेल्वेत नोकरीला लागल्या. सामना हरला म्हणून त्या महिन्याचा पगार कुणी कापला नाही.

गोल्फचं गणित नेमकं उलटं. अमेरिकेच्या पीजीए टूरवर नेहमीच्या स्पर्धेत दोन दिवस खेळून झाले की पहिले 65 आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात. बाकीच्यांनी बॅग उचलायची. परंपरेनं त्यांना मिळायचं शून्य. विमान, हॉटेल, कॅडी हे सगळं मात्र खिशातून गेलेलं. म्हणजे आठवडाभर राबून वर पदरचे पैसे घालून घरी यायचं. नाक्यावरच्या रोजंदारी मजुरालाही काम केल्याचे पैसे मिळतात, कट हुकलेल्याला तेही नसायचे. आपल्या टूरवर तर साधारण पहिले पन्नासच पुढे जातात.

गंमत अशी की या कंत्राटी जगाला अखेर पगाराची आठवण झालीच. 2022 मध्ये सौदी पैशावर लिव्ह गोल्फ सुरू झालं. तिथे कट नव्हता, शेवटच्यालाही रक्कम ठरलेली. मंडळी झटपट तिकडे वळली. मग 2023 च्या हंगामापासून पीजीए टूरनं टूरवर खेळण्याचं पूर्ण कार्ड असलेल्यांना, किमान 15 स्पर्धा खेळल्या तर, वर्षाला पाच लाख डॉलरची हमी दिली. कार्डाखालच्या खेळाडूंना कट हुकला तरी स्पर्धेमागे पाच हजार डॉलर देऊ केले. बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशाला हे कळायला टोळकं फुटावं लागलं, एवढंच.

आपल्याकडे व्यावसायिक गोल्फर येतो तो बहुतेक दोन दारांतून. एक, ज्याच्या घरी क्लबचं सदस्यत्व आहे किंवा वडील फौजेत आहेत. दुसरं, जो लहानपणी मैदानावर दुसऱ्यांच्या बॅगा वाहत वाढला. महूचे मुकेश कुमार दुसऱ्या दारानं आले. देशातल्या शंभरावर स्पर्धा जिंकून 2016 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी दिल्लीची पॅनासोनिक ओपन जिंकली तेव्हा कुठे आशियाई टूरवर त्यांचं नाव झालं. एक्कावन्नावं वर्ष! आमच्या प्लांटमध्ये त्या वयाला लोक निवृत्तीनंतरच्या घराच्या विटा मोजायला लागतात.

या दोन दारांच्या मधे राहतो तो पगारदार मध्यमवर्ग, म्हणजे आपण. आपली मुलं क्रिकेटला जातात, बॅडमिंटनला जातात, गोल्फला जात नाहीत. महागड्या काठ्या हे कारण अर्धंच खरं. कट हुकण्याची पाच-सात वर्षं कुणी सोसायची, याचं उत्तर घरात कुणाकडे नसतं, हे उरलेलं अर्धं. अमेरिकेत त्यातला काही भाग विद्यापीठाची शिष्यवृत्ती सोसते. शॉफलीही सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातून खेळला.  

आपल्याकडे रेल्वेनं, प्लांट चालवणाऱ्या सेल कंपनीनं बास्केटबॉलला, हॉकीला पोसलं, तसं दरसाल चार गोल्फर पगारावर ठेवले तर काय बिघडेल? पदक आल्यावर सत्कार करण्यापेक्षा हा खर्च कमी आहे. नवा रायपूरला हिरवं मैदान तयार झालं आहे, पीजीटीआयची छत्तीसगड ओपनही तिथे झाली आहे. मैदान आलं, आता खेळणारे कुठून येणार, एवढा प्रश्न राज्य सरकारला विचारायला हरकत नाही.

पुढच्या वेळी ती स्पर्धा भरली तर भिलाईहून जरूर जा, रस्ता काही लांबचा नाही. फक्त अखेरच्या दिवशी करंडकाचा फोटो काढायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी जा, कट लागायच्या वेळेला.