कपाटातले लॅपटॉप

मागच्या दिवाळीआधी आमच्या ऑफिसात एक भारी आयडिया निघाली. नवे लॅपटॉप आले होते, जुने बारा पडून होते. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "जवळच्या महापालिका शाळेला देऊन टाकू या." झालं! रिबन कापली, फोटो काढले, समोसे खाल्ले आणि 'काय मस्त वाटतंय ना' म्हणत सगळे घरी.

परवा सहज त्या शाळेत डोकावलो. लॅपटॉप कुठे? स्टीलच्या कपाटात, कुलुपात. बाई शांतपणे म्हणाल्या, "वर्गात एकच प्लग आहे. दोन लॅपटॉपचे चार्जरच आले नाहीत. मुलाच्या हातून एखादा पडला, तर भरून कोण देणार? आणि खरं सांगू का सर, मला यावर काय शिकवायचंय, हे कुणी विचारलंच नाही."

माझा चेहरा खर्रकन उतरला.

तशी ही चूक करणारे आपण पहिले नाही, बरं का! भल्याभल्यांची इथे विकेट पडलीये. एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. हिरवा-पांढरा, सशाच्या कानांसारखे अँटेना, भर उन्हातही वाचता येणारा स्क्रीन. एकदम क्यूट! किंमत मात्र शेवटी दोनशे डॉलरच्या आसपास गेली. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्येच 'नको' म्हटलं. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या छोट्या शाळेत तो प्रयोग म्हणून पोचला. गुरुजी एक, सगळ्या इयत्ता एकत्र. अशा ठिकाणी लॅपटॉपचं काय होणार, हे शेवटी गुरुजींच्याच हातात, नाही का?

सगळ्यात मोठी उडी मारली पेरू देशाने. आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले! २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आला. गणित आणि भाषेच्या मार्कांत काही फरक? दिसलाच नाही. कोडी सोडवण्यासारख्या चाचण्यांत मात्र मुलं थोडी पुढे होती. म्हणजे यंत्र अगदीच वाया गेलं नव्हतं. पण ते रोजच्या धड्यात कसं आणायचं, ही शिक्षकांची तयारीच तोकडी पडली होती.

उरुग्वेनेही तोच लॅपटॉप घेतला. २००७ ते २००९ या काळात सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना तो मिळाला. मार्क तिथेही एकदम वर गेले नाहीत. पण ते लोक वाटप करून घरी गेले नाहीत. शाळाशाळांत इंटरनेट नेलं, दुरुस्तीची सोय केली. इंग्रजीचे शिक्षक कमी होते, तर २०१२ पासून दूरवरच्या शिक्षकाचा तास व्हिडिओवर सुरू केला. आणि वर्गातल्या बाई? त्या वर्गातच! त्यांची सुट्टी कुणी केली नाही.

फंडा सिंपल आहे. लॅपटॉपची किंमत बिलावर दिसते. खरा खर्च नंतर सुरू होतो. प्लगचा, दुरुस्तीचा आणि सगळ्यात जास्त, बाईंना द्यायच्या वेळेचा.

तर येत्या शनिवारी आम्ही तिघं परत शाळेत जातोय. सोबत एक्स्टेन्शन बोर्ड, दोन चार्जर आणि ऑफिसचं सही-शिक्क्याचं पत्र: 'लॅपटॉप पडला, फुटला, तर जबाबदारी आमची.' काय शिकवायचंय, हेही या वेळी आधी विचारलं. बाई म्हणाल्या, "चौथीची मुलं जोडाक्षरांना अडतात हो." मग ठरलं! प्रत्येकाने घरी आजीकडून एक गोष्ट ऐकून यायची आणि ती मराठीत टाइप करायची.

तुमच्याही ऑफिसात जुने लॅपटॉप पडून असतील. जरूर द्या. फक्त रिबन आणायच्या आधी बाईंना एक फोन करा.

आणि हो, या वेळी फोटो नाही. कपाट उघडं दिसलं, की मग काढू!