हात झटक आणि खेळ

भातकापणी उरकली की कशेळ्यापासून नेरळपर्यंत, आमचं कळंब धरून, रात्रीच्या कबड्डीचे फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर भावी सरपंचांपासून मार्गदर्शकांपर्यंत सगळे असतात, डॉक्टर तेवढा नसतो. माणसाच्या उंचीचा चषक, डीजे, वरून घिरट्या घालणारा ड्रोन. रुग्णवाहिकेचं विचारा, आयोजक असा बघतो जणू मंडळाचा हिशेबच मागितला.

मग तिसरी चढाई. पोरगा मध्यरेषेकडे झेपावतो. मागून कमरेला मिठी, पुढून मध्यरक्षक अंगावर. एक खांदा मातीत रुततो, मान उलट्या बाजूला मुरगळते. पोरगा उठतो तो डावा हात उजव्या हातात धरून. "करंट बसला." बाहेरून कोच कोकलतात, "काय नाय रे, हात झटक! लोण बसेल!" कोणीतरी थंड स्प्रे मारतं. टाळ्या.

मानेतून निघून कॉलर बोनखालून हातात उतरणाऱ्या पाच मुख्य नसांचं जाळं असतं. डोकं एकीकडे आणि खांदा खाली ओढला गेला की ते ताणतं. बहुतेकदा मार बसतो वरच्या दोघींना, म्हणून हात खांद्यातून उचलत नाही, कोपर जोरात वाकत नाही. पुष्कळदा मिनिटभरात जळजळ उतरते, आणि तिथेच घात होतो, कारण कोच शहाणे ठरतात! जोर पुरता आलेला नसताना पोरगा परत आत जातो आणि पुढच्या पकडीत तीच नस पुन्हा ताणतो.

करंट दोन्ही हातांत गेला तर मामला मज्जारज्जूचा. तेव्हा मान हलू न देता जागेवर ठेवायचं. आमच्याकडे चौघं हातपाय धरून उचलतात, मान लोंबकळते, आणि समालोचक 'खिलाडूवृत्ती'चं कौतुक करतो.

नस तुटलीच असेल तर शस्त्रक्रियेला पहिले सहा महिने मोलाचे. शिवल्यावरही ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, तोवर स्नायू वाळत जातो. हे सहा महिने आमची पोरं "नस चढलीय" म्हणून मान कडकड मोडणाऱ्याच्या ओट्यावर काढतात. मुंबईची लोकल आठवते ती दंड काटकुळा झाल्यावर.

सरकारने 2022 मध्ये दहीहंडीला खेळाचा दर्जा दिला, गोविंदाच्या मृत्यूला 10 लाख जाहीर केले. मेलेल्याचा भाव ठरला, छान झालं. पण हात खांद्याला शाबूत आहे आणि त्याने बादली उचलत नाही, अशा कबड्डीपटूचा भाव कोण काढणार?

काम एवढंच आहे: मान सगळीकडे न दुखता वळते का बघा, दोन्ही हात बाजूला उचलायला लावून वरून दाब द्या. एक जरी कमी पडला, तरी पोरगा त्या रात्रीपुरता बाहेर आणि सकाळी डॉक्टरकडे. एका कोचला हे सांगितलं, तर म्हणाला, "मग तुम्हीच काढा संघ."

काढतो. पोरं द्या.