डोळ्यातली काडी आणि जिल्ह्याचा डॉक्टर



ज्वारी कापताना पात्याची धार डोळ्याला लागते. पऱ्हाटी उपटताना काडी उसळून बुबुळावर बसते. आपण डोळा पुसतो, मेडिकल दुकानातून थेंब आणतो आणि कामाला लागतो. त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर लाली उतरते. पण काडीबरोबर आत गेलेली बुरशी फोफावते. जिल्ह्याच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत बुबुळावर फूल पडलेले असते. मग दृष्टी पूर्ववत होणे कठीण.

याला अडाणीपणा म्हणू नका. हा हिशेब आहे. ऐन वेचणीत जिल्ह्याला जायचे तर दोन माणसांचा रोज बुडतो, वर एस.टी.चे भाडे. ‘उद्या उतरेल’ म्हणून माणूस थांबतो.

तामिळनाडूत या हिशेबाला उत्तर सापडले आहे. १९७६ साली मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. आज त्यांची शंभरावर दृष्टिकेंद्रे खेड्यापाड्यांच्या जवळ आहेत. तिथे डॉक्टर बसत नाही. खेड्यातल्याच, शिकवून तयार केलेल्या मुली डोळा यंत्राखाली तपासतात, फोटो आणि नोंदी रुग्णालयात पाठवतात. रुग्ण उठण्याआधीच तिथला डॉक्टर पडद्यावरून त्याच्याशी बोलतो. चष्म्याचे काम तिथेच भागते. मोतीबिंदू, बुबुळाची जखम अशांनाच पुढे पाठवतात.

तारेवरून शस्त्रक्रिया होत नाही, हे मलाही कळते. बुरशी पक्की ओळखायला जखम खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते. पण आजच जिल्ह्याला जा की घरी थांबलात तरी चालेल, एवढे त्याच दिवशी कळले तरी पुष्कळ डोळे वाचतील. दूरवरून रुग्ण तपासण्याचे नियम केंद्र सरकारने मार्च २०२० मध्येच काढले आहेत. तेव्हा कायद्याची सबब उरलेली नाही.

वर्षातून एकदा शिबिर, हार-तुरे आणि फोटो, हे आपल्याला नको. डोळ्यात काडी शिबिराची तारीख पाहून जात नाही. बाजार समिती आपल्या मालाच्या उलाढालीवर सेस गोळा करते. तिच्या आवारात एक खोली, एक तपासणी यंत्र, शिकलेल्या दोन मुली आणि डॉक्टरशी रोजची जोडणी, एवढेच मागू. वाजवी फी आपण देऊ.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्याकडे डोळा गमावलेल्यांची यादी आणावी. मागणी त्या यादीसकट मांडू.