‘जाने भी दो यारों’चे दोन प्रेक्षक

एखाद्या विनोदी चित्रपटावर प्रेक्षकांत दुमत झाले की त्याचे खापर लगेच कोणाच्या तरी माथी फोडले जाते. न हसणाऱ्याला विनोदबुद्धी नाही, असे हसणारे म्हणतात. हसणाऱ्याला अभिरुची नाही, असे न हसणारे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) चाळीस वर्षांहून अधिक काळ या कात्रीत सापडला आहे. काहींच्या मते हिंदीतला याहून चांगला विनोदी चित्रपट दाखवता येणार नाही. काहींना तो गोंगाटी, विस्कळीत आणि शेवटी असह्य वाटतो. मला वाटते, ही फूट चित्रपटाने समजूनउमजून पाडली आहे आणि तिच्यातच त्याचे मोल आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या सुमारे सात लाख रुपयांत हा चित्रपट तयार झाला. कथा गुन्ह्याची आहे. विनोद आणि सुधीर हे दोन भाबडे छायाचित्रकार (नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी) मुंबईत स्टुडिओ थाटतात. धंदा चालत नाही, म्हणून ‘खबरदार’च्या संपादिकेसाठी बिल्डर तरनेजा आणि आयुक्त डिमेलो यांच्या गैरव्यवहाराचे पुरावे गोळा करू लागतात. एका बागेत काढलेले छायाचित्र मोठे करून पाहताच त्यात खून दिसतो. बागेचे नाव ‘अंतोनिओनी पार्क’. लंडनमध्ये घडणाऱ्या अंतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ला (१९६६) केलेला हा उघड नमस्कार. मग डिमेलोचे प्रेत हाती लागते आणि त्याची वरात गावभर फिरत फिरत थेट महाभारताच्या नाट्यप्रयोगात पोहोचते, तीही द्रौपदीच्या वेशात. शेवटी बिल्डर, त्याचा प्रतिस्पर्धी, नवा आयुक्त आणि संपादिका असे सगळे आपसांत तडजोड करतात. कोसळलेल्या पुलाचे पाप या दोघांच्या माथी येते. कैद्यांच्या कपड्यांत ते रस्त्यावर येतात, आपल्याकडे पाहतात आणि गळा चिरल्याची खूण करतात.

प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटाला गर्दी लोटली नाही. पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार दिग्दर्शकाला मिळाला, पण लोकप्रियता आली ती पुढे, दूरदर्शन आणि व्हिडिओ कॅसेटच्या वाटेने. २०१२ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा संवाद तोंडपाठ असलेला एक वर्ग तयार झालेला होता. पाठ असलेल्या विनोदावर हसताना माणूस पुढे काय येणार हे जाणून निर्धास्त असतो. त्यामुळे हा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्याचे मत अधिक मोलाचे.

नागपुरात पदवीच्या वर्गाला विनोदाचे स्वरूप शिकवताना मी हा चित्रपट अधूनमधून दाखवतो. वर्ग हमखास दुभंगतो. द्रौपदीच्या प्रवेशाला निम्मा वर्ग बाके बडवतो आणि काही मुली गप्प होतात. बाईचे वस्त्रहरण हा हसण्याचा विषय कसा, हा त्यांचा प्रश्न असतो. साडीखाली एका भ्रष्ट अधिकाऱ्याचे प्रेत आहे आणि रंगमंचावरचा प्रत्येक जण धर्माची भाषा बोलत पुराव्यावर झडप घालतो आहे, हे उत्तर खरे आहे. पण पुरेसे नाही. सभेत ओढल्या जाणाऱ्या साडीची स्मृती त्या हशात मिसळलेली असतेच. दुसरा आक्षेप शेवटावर असतो. दोन तास हसवून असा घात कशाला? हा आक्षेप घेणारे बहुधा तेच असतात, जे आधी सर्वांत मोठ्याने हसलेले असतात.

या आक्षेपाचा विचार करताना ब्रिटिश गुन्हेगारी विनोदपटांची परंपरा आठवते. लंडनच्या ईलिंग स्टुडिओच्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५) वादकांचे सोंग घेऊन एका म्हातारीकडे खोली भाड्याने घेणारे दरोडेखोर एकामागून एक मरतात, त्यांची प्रेते मालगाडीच्या वाघिणींत पडतात आणि आपण निःशंक हसतो. कारण सरळ आहे: मरणारे चोर आहेत आणि निरागस म्हातारी सुखरूप आहे. त्याच स्टुडिओच्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) एक सभ्य गृहस्थ सरदारकीसाठी नातलगांचे खून पाडतो, त्या घराण्यातल्या आठ व्यक्ती एकट्या ॲलेक गिनेस यांनी रंगवल्या. मूळ शेवटी खुन्याने लिहिलेली कबुली तुरुंगात विसरून राहते आणि पुढचे प्रेक्षकावर सोडलेले असते. अमेरिकेत मात्र ती कबुली अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचे दाखवणारा तुकडा जोडावा लागला. गुन्हेगार सुटल्याची नुसती शंकाही तिथल्या नियमांना खपत नव्हती. म्हणजे प्रेतावर हसण्याची मुभा समाज देतो, पण शेवटी हिशेब चुकता झाला पाहिजे, या अटीवर. कुंदन शाह यांनी नेमकी हीच अट मोडली. हशाची किंमत गुन्हेगारांनी भरण्याऐवजी निरपराधांनी भरली आणि ज्यांच्या बाजूने आपण हसत होतो, तेच फासाकडे गेले.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायला नको. मराठी विनोदाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ मध्ये नागपुरातच जन्मले. ‘सुदाम्याचे पोहे’ मधला त्यांचा विनोद लग्नातल्या हुंड्यापासून धार्मिक ढोंगापर्यंत सगळ्यांना बोचत गेला. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला वारले. त्याच वर्षी ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळावर प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि त्याच दारूने सुधाकराचा संसार जळतो, सिंधू मरते. हसण्याचा आणि रडण्याचा विषय एकच आहे, हे ओळखायला प्रेक्षकाला उशीर होतो. तो उशीर हाच त्या नाटकाचा वार आहे.

पुढे मात्र आपल्या समीक्षेत ‘निखळ’ आणि ‘निर्मळ’ ही विशेषणे विनोदाची सर्वोच्च प्रशस्ती होऊन बसली. ज्याने कोणी दुखावत नाही, घरातल्या सर्वांना एकत्र बसून पाहता येते, तो विनोद श्रेष्ठ. अशा विनोदाचे महत्त्व मी नाकारत नाही. थकलेल्या माणसाला त्याची गरज असते. परंतु हीच एकमेव कसोटी झाली की कोल्हटकर पाठ्यपुस्तकात पडून राहतात आणि तळीराम नकलाकारांच्या हवाली होतो. ‘जाने भी दो यारों’ आवडणारे आपले मित्रही बहुधा हीच कसोटी लावतात. ते द्रौपदीचा प्रवेश वेगळा काढून पुन्हा पुन्हा पाहतात आणि शेवट गाळतात. चित्रपटावर खरा अन्याय न हसणाऱ्यापेक्षा शेवट गाळून हसणारा करतो.

एका भूमिकेचा उल्लेख इथे करायला हवा. ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन भक्ती बर्वे यांनी रंगवली आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी रचलेल्या ‘ती फुलराणी’तली त्यांची मंजुळा ज्यांच्या मनात आहे, त्यांना ही शोभा प्रथम आपल्या बाजूचीच वाटते. बोलणे गोड, आविर्भाव सत्याचा कैवार घेतल्याचा. ती पुराव्यांचा सौदा करू लागते, तेव्हा नायकांबरोबर प्रेक्षकही फसतो. बर्वे यांनी खलनायकीचा एकही ठळक इशारा आधी दिलेला नाही. वर्तमानपत्र, बिल्डर आणि महापालिका एकाच ताटात जेवतात, हे कळायला त्या दोघांइतकाच आपल्यालाही वेळ लागतो.

चित्रपटात दोष आहेतच. काही प्रसंग नको तितके लांबले आहेत, आरडाओरडा जास्त आहे आणि तुटपुंज्या पैशांच्या खुणा जागोजाग दिसतात. यावर नापसंती व्यक्त करणाऱ्याशी वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो पुलापाशी. १९८३ मध्ये तो कोसळणारा पूल कथेची एक सोय म्हणून खपला असेल. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटून शंभराहून अधिक माणसे बुडाली. मोरबीची दृश्ये फोनवर पाहिलेला विद्यार्थी या चित्रपटातल्या पुलाच्या बातमीशी थबकला, तर त्याला विनोद कळला नाही असे मी म्हणणार नाही. त्याला तो इतरांच्या आधी कळला आहे.

म्हणून वर्ग दुभंगला की मी दोन्ही गटांत समेट घडवत नाही. हसणाऱ्यांना एवढेच विचारतो, की तुम्ही हसायचे नेमके कोणत्या क्षणी थांबलात? आणि न हसणाऱ्यांना विचारतो, की कुठपर्यंत हसू आवरावे लागले? ही दोन उत्तरे बहुतेक वेळा एकमेकांच्या अगदी जवळ येतात. ज्या विनोदी कलाकृतीविषयी हे दोन प्रश्न विचारताच येत नाहीत, ती सर्वांना आवडली तरी तिने कोणाला काही विचारलेले नसते.