पहिलीच्या दाखल्यासोबत वाढीची नोंदही द्या

महाराष्ट्रातल्या मुलांच्या आरोग्याची आणि पोषणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,



मी खेड्यातल्या शाळेत पहिलीला शिकवते. जूनमध्ये मूल येते तेव्हा पालक जन्मदाखला आणतात, आधार कार्ड आणतात. अंगणवाडीताईंनी महिन्यामागून महिना घेतलेले वजन, उंची, दंडघेर मात्र माझ्यापर्यंत पोहोचत नाही. दोन वर्षांची असताना एखादी पोर किती खंगली होती, हे तिच्या आईने सांगितले तरच मला कळते.

एकाच मुलाकडे वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने काय हाती लागते, ते पुण्याजवळच्या सहा गावांनी जगाला दाखवले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या बायकांच्या गरोदरपणाच्या नोंदी ठेवल्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे हाडकुळी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. नुसत्या वजनकाट्यावर हे कधीच दिसले नसते. तीच मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. गरोदरपणात ज्या आयांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. म्हणजे मधुमेहाची वाट. निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कुठे शोधायचे ते कळते. ती मुले नजरेआड होऊ दिली नाहीत, म्हणूनच हे कळले.

आपल्याकडे तर घरोघरी पोहोचणाऱ्या ताई आहेत. २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची तपासणी पथके वर्षातून एकदा शाळेत येतात. मग पालकांची संमती घेऊन अंगणवाडीची नोंद मुलाबरोबर शाळेत का येऊ नये? ती खासगी कंपन्यांच्या हाती मात्र जाता कामा नये. आणि तिची एक प्रत, साध्या मराठीत, आईच्या हातात पडावी. मूल तिचे आहे.

अशैक्षणिक कामांबद्दल आम्ही शिक्षक नेहमी तक्रार करतो. हे काम मी आनंदाने करीन. येत्या जूनला एका तरी तालुक्यात सुरुवात करा. उंचीची पट्टी आमच्या वर्गाच्या भिंतीवर रंगवलेली आहे.

आपली,
एक शिक्षिका