नवस पत्नीचे, उणीव पतीची

विवाहाला चार-पाच वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, म्हणजे आपल्याकडे प्रथम सुनेची पत्रिका पुन्हा उलगडली जाते. कुळदेवतेला कौल लावला जातो, सोमवार धरले जातात, नवस बोलले जातात. आणि अखेर डॉक्टरांकडे जायचे ठरले तरी जाते ती सूनच. पोर्तुगीज अमदानीत 16 डिसेंबर 1880 रोजी जारी झालेल्या गोव्यातील हिंदूंच्या रूढी-रिवाजांच्या संहितेने तर या समजुतीवर कायद्याचा शिक्काच मारला होता. पत्नीला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, तर तिच्या संमतीने का होईना, पतीला दुसरी पत्नी करण्याची मुभा त्या संहितेने दिली. वर्षे मोजली गेली ती पत्नीची. दुसरीही निपुत्रिक राहिली तर काय, हा प्रश्न कोणी विचारला नसावा.

वस्तुस्थिती अशी की, अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा पत्नीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. साधारणतः शंभरांत एका पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतात. असा पुरुष अन्य सर्व बाबतींत धडधाकट असतो. त्याच्या पौरुषाशी या उणिवेचा काही संबंध नाही. परंतु हा भेद न उमजल्यामुळेच वीर्यतपासणीचे नाव निघताच घरातला कर्ता पुरुष काढता पाय घेतो.

एके काळी शून्याचा हा अहवाल म्हणजे अखेरचा निकाल असे. 1992 साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविल्याचे जाहीर केले आणि चित्र पालटले. जेथे कोटींची गरज होती तेथे मूठभर पुरेसे ठरले, आणि त्यांना स्वतः पोहत जाण्याचेही कारण उरले नाही. ते थेट उगमापाशी जाऊन काढता येऊ लागले. मार्गच बंद असेल, म्हणजे जुन्या रोगसंसर्गाने, नसबंदीने वा जन्मतः शुक्रवाहिनी नसल्याने, तर वृषणालगतच्या नलिकेतून सुईने शुक्रजंतू मिळविता येतात व त्यात बहुधा यश येते. उत्पादनच खुंटले असेल तेव्हा काम बिकट. 1999 साली न्यूयॉर्कच्या डॉ. पीटर श्लेगेल यांनी मांडलेल्या पद्धतीत वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या त्यात भरदार दिसणाऱ्या नलिका वेचून काढतात. या शोधात अंदाजे निम्म्याच रुग्णांना शुक्रजंतू गवसतात. वाय गुणसूत्राचे काही विशिष्ट भाग गळालेले असतील तर ते गवसतच नाहीत. म्हणून ती रक्ततपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवी. (शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हेही जाणून घ्यावे की, त्याच इंजेक्शनांनी शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते.)

मात्र पतीवर एक छोटी शस्त्रक्रिया झाली म्हणजे भार वाटला गेला, असे मानण्याचे कारण नाही. स्वतः निरोगी असलेल्या पत्नीलाच इंजेक्शनांचे सत्र सोसावे लागते, भूल घेऊन बीजे काढून घ्यावी लागतात. तिच्या बीजांचा कस वयाबरोबर उतरत जातो. यास्तव पतीने संकोचापायी दवडलेल्या पाच वर्षांची किंमत अखेर तीच मोजते.

2021 च्या केंद्रीय कायद्याने अशा उपचारकेंद्रांना नोंदणी सक्तीची केली, आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2023 साली कृत्रिम गर्भधारणेची विनामूल्य सोय सुरू झाली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण आमची मागणी त्याहून साधी आहे. शस्त्रक्रियेत काही हाती लागले नाही, तर दात्याचे वीर्य वापरावयाचे की थांबावयाचे, हा निर्णय पती-पत्नींकडून आधी, सवडीने आणि लेखी घेतला जावा. पत्नीची बीजे काढून ठेवलेली असताना, बाहेरच्या बाकावर बसवून नव्हे. आणि वंध्यत्वाची तक्रार घेऊन बाई एकटी आली, तर सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही दवाखान्याने पतीचा वीर्य अहवाल पाहिल्यावाचून तिच्यावर दुर्बिणीची तपासणी लादू नये.